नव्या परफॉर्मन्स गाडीचं रनिंग-इन: पहिले दोन-तीन हजार किलोमीटर कसे चालवायचे

नवी गाडी हातात आली की सल्ले फुकट मिळतात, आणि ते बहुधा दोनच जातींचे असतात. एक म्हणतो, "दोन हजार किलोमीटर होईपर्यंत ऐंशीच्या वर जाऊच नका." दुसरा म्हणतो, "पहिल्याच दिवशी दाबून पळवा, नाहीतर इंजिन कायमचं मठ्ठ होईल." साध्या गाडीत दोन्ही सल्ले बऱ्याचदा पचून जातात. सात-आठ हजार आरपीएमपर्यंत (मिनिटाला इतके फेरे) फिरणाऱ्या, टर्बोच्या दाबाखाली चालणाऱ्या इंजिनात तशी खात्री नाही.

दोन्ही सल्ल्यांत घोळ एकच आहे. इंजिन किती वेगानं फिरतंय आणि इंजिनावर भार किती आहे, म्हणजे ते किती जोर लावतंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रनिंग-इनमध्ये, म्हणजे नव्या गाडीचे भाग एकमेकांशी जुळण्याच्या काळात, लगाम घालायचा तो आरपीएमला. भार हवाच असतो, फक्त तो सतत बदलता हवा आणि टोकाचा नको. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

आत काय चाललेलं असतं

सिलिंडरची भिंत आरशासारखी गुळगुळीत असते असं वाटतं, पण बहुतेक इंजिनांत ती तशी नसते. होनिंग करताना, म्हणजे ती घासून तयार करताना, तिच्यावर मुद्दाम एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा ओढलेल्या असतात, पाट्याला टाकी लावावी तशा. त्या रेघांत ऑइल धरून राहतं. रेघांमधल्या सूक्ष्म उंचवट्यांना पिस्टनच्या रिंगा (त्याच्याभोवतीची धातूची कडी) घासून काढतात, रिंगांची कडही थोडी झिजते, आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना जुळतात. रिंग बसणं म्हणतात ते हेच.

आता गंमत अशी की रिंगेचा स्वतःचा ताण फारसा नसतो. ज्वलनाचा वायू वरच्या रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला भिंतीवर दाबतो, खरं काम तो करतो. ॲक्सिलरेटरचं पेडल जेमतेम टेकवून गाडी चालवली तर हा दाब कमी पडतो. मग रिंग ऑइलच्या थरावरून नुसती सरकत राहते, भिंतीवरचं ऑइल जळतं आणि त्याची कडक, चकचकीत पुटं रेघांत भरतात. एकदा रेघा बुजल्या की रिंग नीट बसत नाही, ऑइल पिणं सुरू होतं, आणि त्यावरचा खात्रीचा इलाज म्हणजे इंजिन खोलून पुन्हा होनिंग करणं. अति जपण्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

मग आरपीएमवर बंधन कशाला? पिस्टन वर-खाली होताना कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगवर जो जडत्वाचा ताण येतो, तो आरपीएमच्या वर्गानं वाढतो. ७,००० आरपीएमला येणाऱ्या ताणाच्या मानानं ४,००० ला तो जेमतेम एक तृतीयांश असतो. ९२ मिलिमीटर स्ट्रोकच्या (पिस्टन एका दिशेला जितका सरकतो ते अंतर) इंजिनात पिस्टनचा सरासरी वेग ४,००० आरपीएमला सेकंदाला सुमारे १२ मीटर, तर ७,००० ला २१ मीटरच्या पुढे. नव्या पृष्ठभागांवरचे उंचवटे अजून शाबूत असताना इतक्या वेगानं घर्षण झालं, तर त्या-त्या जागी उष्णता एकवटते आणि धातू झिजण्याऐवजी ओरबाडला जातो.

आजकालच्या इंजिनांत यातलं बरंचसं काम कारखान्यातच उरकलेलं असतं, हेही खरं. प्लॅटो होनिंगमध्ये उंचवट्यांची टोकं आधीच छाटून टाकतात. मर्सिडीझच्या नॅनोस्लाइडसारख्या फवारलेल्या लेपात तर भिंत खरोखर आरशासारखी असते आणि ऑइल धरण्याचं काम लेपातली सूक्ष्म छिद्रं करतात. रिंगांचा मोठा हिस्सा पहिल्या काही तासांतच बसून जातो. म्हणून "आता रनिंग-इनची गरजच नाही" असं म्हणणारे वाढलेत. पण बेअरिंग, कॅमशाफ्ट, गिअर, डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर), क्लच, ब्रेक आणि टायर यांची जुळवाजुळव गाडी रस्त्यावर आल्यावरच पुरी होते. कंपन्या बंधनं घालतात त्यात इंजिनाइतकाच या बाकीच्या मंडळींचाही विचार असतो.

आधी मालकाची पुस्तिका

ती डॅशबोर्डच्या खणात पडून राहते, आणि लोक व्हिडिओ बघत बसतात. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे आहेत आणि त्यामागे त्या-त्या इंजिनाचं कारण आहे:

- बीएमडब्ल्यूच्या एम (परफॉर्मन्स) गाड्यांत पहिल्या २,००० किमीपर्यंत ५,५०० आरपीएम आणि ताशी १७० किमी ही मर्यादा असते. त्यानंतर ५,००० किमीपर्यंत हळूहळू वाढवायचं. २,००० किमीला रनिंग-इन सर्व्हिस होते, तीत इंजिन आणि डिफरन्शियल दोन्हींचं ऑइल बदलतात.
- मर्सिडीझच्या एएमजीत पहिले १,५०० किमी ताशी १४० च्या आत राहायचं आणि इंजिन ४,५०० आरपीएमपर्यंत न्यायचं तेही थोडा वेळच. मागच्या लॉकिंग डिफरन्शियलचं ऑइल ३,००० किमीला बदलायचं.
- पोर्शे ९११ ला ३,००० किमीपर्यंत मॉडेलप्रमाणे साधारण ४,००० ते ४,२०० आरपीएमची मर्यादा सांगितलेली असते.
- सुबारू बीआरझेडमध्ये १,६०० किमीपर्यंत ४,००० आरपीएम.
- फोक्सवॅगन आणि आउडी आकडा देण्याऐवजी म्हणतात, पहिले १,००० किमी कमाल आरपीएमच्या दोन तृतीयांशाच्या वर जाऊ नका.

शेव्हर्लेची आठव्या पिढीची कॉर्व्हेट तर ८०० किमी होईपर्यंत पहिल्या दोन गिअरमध्ये टॉर्क (फिरवण्याचा जोर) स्वतःच आखडता ठेवते. म्हणजे तिथं चालकावर विश्वास टाकायलाही कंपनी तयार नाही.

या लेखातलं काही तुमच्या पुस्तिकेशी जुळत नसेल, तर पुस्तिकेचं ऐका. वॉरंटीचा प्रश्न आला तर कागद तोच बघतात. आणि गाडीचा कॉम्प्युटर विसरत नाही. पोर्शेसारख्या कंपन्यांच्या इंजिन कंट्रोल युनिटमध्ये कोणत्या पट्ट्यात किती वेळा आरपीएम ओलांडले याची नोंद कायम राहते.

गाडी ताब्यात घेताना

ओडोमीटर बघा. दहा-वीस किमी असणं चालतं. त्याहून जास्त असतील तर कुणी, कशासाठी चालवली ते विचारा, आणि बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा की गाडी आल्यावर तपासणीच्या नावाखाली कुणी "जरा ओढून बघू" नये.

टायरमधली हवा तुमच्यासमोर तपासून घ्या. कारखान्यातून शोरूमपर्यंत आणताना टायरला चपटेपणा येऊ नये म्हणून हवा पुष्कळदा जास्त भरलेली असते आणि ती कमी करायची राहून जाते. ऑइलची पातळी डिपस्टिकवर किंवा स्क्रीनवर बघा आणि आकडा फोनमध्ये टिपून ठेवा. पुढं ऑइल किती खाल्लं हे कळायला सुरुवातीचा आकडाच लागतो. टाकीत पुस्तिकेत सांगितलेल्या ऑक्टेनचंच पेट्रोल भरा. कमी ऑक्टेनमुळे नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) होतं, आणि नव्या इंजिनाला ते अजिबात नको असतं.

पहिली फेरी

शक्य असेल तर गाडी घरी नेण्याचा रस्ता गर्दीचा निवडू नका. बंपर-टू-बंपर रांगेत तासभर घुटमळणं ही नव्या इंजिनासाठी सगळ्यात वाईट सुरुवात आहे: भार नाही, हवा नाही, उष्णता मात्र भरपूर. थोडा लांबचा, चढ-उताराचा, मध्यम वाहतुकीचा रस्ता मिळाला तर सोनं.

सुरू केल्यावर जागेवर उभं ठेवून इंजिन तापवायची जुनी सवय सोडा. अर्ध्या-एक मिनिटात निघा आणि इंजिन गरम होईपर्यंत २,५०० ते ३,००० आरपीएमच्या आत, हलक्या पायानं चालवा. थंड इंजिनात इंधन जास्त सोडलं जातं, त्यातलं काही भिंतीवरचं ऑइल धुवून खाली ऑइलमध्ये मिसळतं. जितका वेळ उभे राहाल, तितकं हे जास्त चालतं.

इथं बरेच जण फसतात ते पाण्याच्या काट्यामुळे. कूलंटचा काटा मध्यावर आला की वाटतं, झालं गरम. पण ऑइल गरम व्हायला त्याच्या जवळपास दुप्पट वेळ लागतो. परफॉर्मन्स गाडीत ऑइलच्या तापमानाचा वेगळा मीटर बहुधा असतोच, मेन्यूत शोधा. ऑइल ८० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय पेडल खोल दाबायचं नाही. मीटर नसेल तर पाणी गरम झाल्यावर आणखी दहा मिनिटं सबुरीनं घ्या.

पहिले ३०० किमी: इंजिनापेक्षा टायर आणि ब्रेक

नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या पदार्थाचा अंश असतो. त्यामुळे पहिले दोन-तीनशे किमी पकड पूर्ण नसते, ओल्या रस्त्यावर तर नाहीच नाही. चारशे-पाचशे हॉर्सपॉवरच्या मागच्या चाकांवर हे विसरलात तर रनिंग-इनची चिंता करायला गाडी उरणार नाही.

ब्रेक पॅड आणि डिस्क यांचंही तसंच. पहिले ३०० किमी जोराचा ब्रेक जीव वाचवण्यासाठीच. मोकळा, सुरक्षित रस्ता असेल आणि पुस्तिकेत मनाई नसेल तर साध्या लोखंडी डिस्कसाठी असं करा: ताशी ९०-१०० वरून ३० पर्यंत मध्यम दाबानं वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या, थोडं अंतर थंड होऊ द्या. असं आठ-दहा वेळा. शेवटी काही किलोमीटर ब्रेक न वापरता चालवा. ब्रेक तापलेले असताना पेडल दाबून उभे राहिलात तर पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि पुढं स्टिअरिंगला थरथर येते. लोक तिला "डिस्क वाकडी झाली" म्हणतात, पण बऱ्याचदा कारण हा चिकटलेला थरच असतो. कार्बन-सिरॅमिक डिस्कना हे लागू नाही, तिथं कंपनी सांगेल तेच.

३०० ते १,००० किमी: खरं काम

समजा तुमच्या गाडीची मर्यादा ४,५०० आरपीएम आहे, ऑइल ९० अंशांवर आहे, रस्ता मोकळा आहे. तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० ला या. पेडल साधारण अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंत दाबा, झटक्यानं नव्हे, एका लयीत. आरपीएम ४,००० च्या आसपास गेले की पाय पूर्ण काढा आणि गाडीला गिअरमध्येच सावकाश २,५०० पर्यंत खाली येऊ द्या. ब्रेक नको, क्लच नको. थोडं अंतर साधं चालवा आणि पुन्हा तेच.

वर जाताना वायूचा दाब रिंगांना भिंतीवर बसवतो. पाय काढल्यावर सिलिंडरमध्ये निर्वात ओढ तयार होते, ती ऑइल वर खेचते, भिंत थंड करते आणि झिजेचा बारीक कीस धुवून नेते. गिअर आणि डिफरन्शियलच्या दातांनाही या दोन फेऱ्यांत दोन्ही बाजूंनी भार मिळतो. मात्र पाय काढून वेग उतरू देणं वेगळं आणि वरून खालचा गिअर टाकून आरपीएम उसळवणं वेगळं. दुसरं करायचं नाही. काही कंपन्या पहिल्या काहीशे किमीत इंजिन ब्रेकिंगलाही मनाई करतात, तिथं पुस्तिकेचंच ऐका.

एका फेरीत असे दहा-बारा चढउतार पुरेत. मग गाडी नेहमीसारखी चालवा, घरी आणा, पूर्ण थंड होऊ द्या. तापणं आणि थंड होणं हे चक्रही रनिंग-इनचाच भाग आहे. एका दिवसात आठशे किमीचा हायवे मारून "रनिंग-इन संपवलं" असं सांगणारे भेटतात. त्यांच्या इंजिनानं आठ तास एकच आरपीएम, एकच भार आणि एकच तापमान पाहिलेलं असतं. हायवेवर जावंच लागलं तर क्रूझ कंट्रोल बंद ठेवा, दर काही मिनिटांनी गिअर आणि वेग बदला.

आणखी एक चूक जपणाऱ्यांकडूनच होते: सहाव्या गिअरमध्ये १,३०० आरपीएमला पेडल खोल दाबणं. आरपीएम कमी म्हणजे इंजिनाला आराम, असं वाटतं. प्रत्यक्षात कमी वेगाला बेअरिंगमधला ऑइलचा थर पातळ असतो आणि वरून पूर्ण भार येतो. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात तर अशा वेळी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो, आणि त्या एका फटक्यानं पिस्टन तुटू शकतो. गाडी गुरगुरायला लागली की गिअर खाली टाका.

ऑटोमॅटिक किंवा ड्युअल-क्लच गाडी स्वतःहून लवकरात लवकर वरचा गिअर पकडते, कारण तिला इंधन वाचवायचं असतं. म्हणून या काळात स्टिअरिंगमागचे गिअर बदलायचे पॅडल वापरून गिअर स्वतः धरा. स्पोर्ट मोड वाईट नाही, पण त्यात किकडाऊन (पेडल दाबताच गिअर एकदम खाली येणं) चटकन लागतो. लाँच कंट्रोलचं (उभी गाडी पूर्ण जोरानं सोडायच्या सोयीचं) बटण विसरून जा.

प्लग-इन हायब्रिड असेल तर ओडोमीटरवर भरवसा ठेवू नका. गाडीचे १,००० किमी झाले, पण इंजिन चारशेच किमी चाललं, असं सहज होतं. शिवाय ओव्हरटेक करताना थंड इंजिन एकदम जागं होऊन थेट भाराखाली जातं. रनिंग-इनपुरता इंजिन चालू ठेवणारा मोड निवडा.

१,००० किमीनंतर

तुमच्या पुस्तिकेतली मर्यादा (१,००० किमीची असो वा ३,००० ची) संपली म्हणजे त्याच संध्याकाळी रेडलाइन, म्हणजे आरपीएमची शेवटची हद्द, असं नाही. दर दोन-अडीचशे किमीला ५०० आरपीएम वाढवा. आधी वरच्या आरपीएमला नुसता स्पर्श करून परत या, मग तिथं थोडा वेळ राहा. पूर्ण पेडल पहिल्यांदा द्यायचं ते मधल्या आरपीएमपासून, गाडी सरळ असताना, ऑइल गरम असताना, आणि काही सेकंदच. ट्रॅकवर जायची घाई कुणालाही असते, पण कॉर्व्हेटच्या पुस्तिकेत त्यासाठी २,४०० किमीची अट आहे आणि बाकीच्या गाड्यांसाठीही तो आकडा वावगा नाही.

ऑइल: सगळ्यात जास्त वाद इथं

पहिले ५,००० किमी नवं इंजिन जास्त ऑइल खाऊ शकतं. म्हणून दर वेळी पेट्रोल भरताना पातळी बघा. सपाट जागा, गरम इंजिन, पुस्तिकेत सांगितलेला थांबा, मग मोजणी. डिपस्टिकच्या खालच्या खुणेजवळ आलं तर त्याच ग्रेडचं आणि त्याच मान्यतेचं ऑइल थोडं-थोडं भरा. वरच्या खुणेच्या पुढं नेऊ नका, जास्तीचं ऑइलही घातकच.

पहिलं ऑइल कधी बदलायचं? एम गाड्यांत २,००० किमीला सक्तीचं आहे. मागच्या पिढीच्या कॉर्व्हेट झेड०६ ला तर ८०० किमीलाच सांगितलं होतं. याउलट होंडा सांगते की नेहमीच्या सर्व्हिसपर्यंत कारखान्यातलं ऑइल काढूच नका. माझं मत असं: कंपनीनं लवकर बदलायला सांगितलं असेल तर एक किलोमीटरही लांबवू नका. थांबायला सांगितलं असेल तर थांबा. आणि काहीच सांगितलं नसेल, तर परफॉर्मन्स गाडीत १,५०० ते २,००० किमीला एक जादा ऑइल आणि फिल्टर बदल हा विम्याचा सगळ्यात स्वस्त हप्ता आहे. त्याची पावती जपा.

काढलेलं ऑइल बघायला मिळालं तर जरूर बघा. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून उन्हात धरलात तर बारीक चंदेरी चमक दिसेल. पहिल्या बदलात ती असणारच. बोटांच्या चिमटीत टोचतील असे कण किंवा चुंबकाला चिकटणारे तुकडे मात्र दिसले, तर तिथंच थांबा आणि लेखी तक्रार नोंदवा. प्रयोगशाळेत नमुना पाठवलात तर लोखंड, तांबं आणि सिलिकॉन यांचे आकडे चढे येतील. सिलिकॉन बहुतेक वेळा जोडणीच्या सीलंटमधून येतं. या पहिल्या अहवालावरून झोप उडवून घेऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या बदलात आकडे खाली येतायत का, ते बघायचं.

"सिंथेटिक ऑइल इतकं निसरडं असतं की रिंगा बसतच नाहीत" ही समजूत अजून जिवंत आहे. कॉर्व्हेट १९९२ पासून आणि पोर्शे १९९६ पासून कारखान्यातून सिंथेटिक ऑइल भरूनच बाहेर पडतात, आणि त्यांच्या रिंगा बसतात. सुरुवातीला मुद्दाम मिनरल ऑइल भरण्याचा उद्योग आजच्या इंजिनात करू नका, वॉरंटी गमावून बसाल. ऑइलमध्ये घालायच्या बाटलीबंद औषधांचंही तेच.

"पहिल्या दिवसापासून दाबा" हे कुठून आलं

ते सगळं खोटं नाही, म्हणून टिकून आहे. रेसिंगसाठी नव्यानं बांधलेलं इंजिन डायनोवर (इंजिन जागेवरच भाराखाली चालवायचं यंत्र) चढवून, भार कमी-जास्त करत, तासा-दोन तासांत बसवतात. पण तिथं तापमान आणि दाब दर क्षणी कुणीतरी बघत असतं, ऑइल लगेच बदललं जातं, आणि ते इंजिन काही शर्यतींनंतर पुन्हा खोलायचंच असतं. त्यातला भाराचा मुद्दा उचला, आरपीएमचा तिथंच सोडा.

आधीच कुणीतरी चालवलेली गाडी

शोरूमची डेमो गाडी किंवा चार-पाचशे किमी झालेली जवळपास नवी गाडी घेत असाल, तर ती कशी चालली हे तुमच्या हातात उरलेलं नाही. इंजिन कंट्रोल युनिटचा अहवाल मागा आणि कमाल आरपीएमच्या नोंदी बघा. ऑइल आणि फिल्टर लगेच बदलून घ्या, डिफरन्शियलचंही. उरलेली मर्यादा जिथं आहे तिथून पाळायला सुरुवात करा आणि पहिले दोन हजार किमी ऑइलची पातळी लिहून ठेवा. सुरुवातीला जास्त खाऊन नंतर कमी होत गेलं तर रिंगा बसतायत. उलट वाढत गेलं, आणि फक्त थंड इंजिनावरच नव्हे तर गरम इंजिनावरही मागं निळसर धूर दिसला, तर वॉरंटीची मुदत संपायच्या आत लीक-डाऊन चाचणी (सिलिंडरमधून हवा किती गळते ते बघणारी) करून घ्या आणि तिचा अहवाल लेखी घ्या.